बाकी, बेबाकी आणि घरपट्टी

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)

कविता लिहिणारा माणूस घरपट्टीवर काय बोलणार, असं तुमच्या मनात आलं असेल तर ते रास्त आहे. मी वकील नाही, करसल्लागार नाही. साधा बी. ए. आहे, तोही मराठी घेऊन. पण आमच्या मोहल्ल्यात कुणाच्या घरी सरकारी कागद आला की तो माझ्याकडे वाचायला येतो. हा कविता करतो, म्हणजे याला अवघड मराठी कळत असणार, असा लोकांचा समज. आणि खरं सांगू का, नोटिशीतलं मराठी कधी कधी नवकवितेलाही मागे टाकतं. ‘उपरोक्त संदर्भान्वये आपणांस कळविण्यात येते की’ इथपर्यंत आलं की निम्मी माणसं कागद घडी करून ठेवून देतात. तर त्या वाचनातून, आणि माहीतगार वकिलांना विचारून, जे कळलं ते आज सांगतो. घरपट्टी वर्षानुवर्षं थकली तर काय होतं? आणि ‘मी नादार झालो’ असं कोर्टात जाहीर केलं की त्यातून सुटका होते का?

आधी शब्दांकडे बघू. माझा तो धंदाच आहे. ‘पट्टी’ म्हणजे वर्गणीसारखी बसवलेली रक्कम. घरावर बसली ती घरपट्टी, पाण्यावर बसली ती पाणीपट्टी. ‘थकबाकी’तली बाकी अरबीतून आली, ‘जप्ती’ आणि ‘वसुली’ही तिकडूनच. ‘हप्ता’ फारसी, मूळ अर्थ सात दिवसांचा आठवडा. ‘लिलाव’ पोर्तुगिजांनी दिला. ‘नोटीस’ आणि ‘वॉरंट’ इंग्रजांनी. आणि ‘शास्ती’ आपल्या संस्कृतातली. म्हणजे या भूमीवर जो जो राज्य करायला आला त्यानं आपल्याला वसुलीचा एकेक शब्द देऊन ठेवला आहे! ‘नादार’ हाही फारसीच. ‘ना’ म्हणजे नाही आणि ‘दार’ म्हणजे बाळगणारा. ज्याच्याजवळ काही नाही तो नादार. मराठीतला आपला शब्द ‘दिवाळं’. धंदा बुडालेला सावकार भरदिवसा दुकानात दिवा लावून ठेवी, त्यावरून तो आला असं सांगतात.

आता एक उदाहरण घेतो. माझ्या मामेभावाचं. त्याच्या परवानगीनं सांगतोय, नाव मात्र सांगत नाही आणि शहरही नाही. यंत्रमागाचं गाव आहे एवढं समजा. घराच्या पुढच्या भागात त्याचे चार माग होते. धंदा बसला, माग थांबले. आधी वीजबिल, मग पतसंस्थेचे हप्ते, मग मुलांच्या फिया. या रांगेत घरपट्टी सगळ्यात शेवटी उभी राहिली. याचं कारण साधं आहे. वीज न भरली तर अंधार होतो, फी न भरली तर पोरगं घरी बसतं. घरपट्टी न भरली तर दुसऱ्या दिवशी काहीच होत नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. वर्षभर काही होत नाही. म्हणून ती थकते. आणि अशी बारा वर्षं गेली.

बिलं यायची ती बिस्किटाच्या एका पत्र्याच्या डब्यात जायची. तुकोबांनी आपल्या वाट्याची कर्जखतं इंद्रायणीत बुडवली असं सांगतात. पण लक्षात घ्या, ती ज्याचं येणं होतं त्यानं बुडवली. ज्याचं देणं आहे त्यानं बिल डब्यात बुडवलं तर ते बुडत नाही, आत राहून वाढतं.

कसं वाढतं तेही बघा. महानगरपालिकेच्या हद्दीत मुदतीत न भरलेल्या मालमत्ता करावर दरमहा दोन टक्के शास्ती लागते. दोन टक्के ऐकायला काहीच वाटत नाही. पण ते दर महिन्याला आहेत. वर्षाचे चोवीस झाले. पन्नास महिन्यांत, म्हणजे चार वर्षं आणि दोन महिन्यांत, शास्ती मुद्दलाएवढी होते. माझ्या भावाचं बिल सालीना सहा हजारांच्या घरात. बिल सहामाहीत येतं, पण हिशेबाच्या सोयीसाठी वर्षाला एकच धरू आणि दर वर्षी तेवढंच धरू. बारा वर्षांचं मुद्दल झालं ७२ हजार. आता सगळ्यात जुन्या बिलावर बारा वर्षांची शास्ती, त्याच्या पुढच्यावर अकरा वर्षांची, असं करत शेवटच्यावर एका वर्षाची. एका वर्षाची शास्ती १,४४०. अशी ७८ वर्षं भरतात. गुणाकार केला तर १,१२,३२० रुपये. मुद्दल ७२ हजार आणि दंड लाखाच्या वर! एकूण १,८४,३२०. हा आकडा छापून आलेली नोटीस दारावर चिकटवली गेली, तेव्हा तो माझ्याकडे आला.

म्हणाला, “भाई, आता नादारीच जाहीर करतो. एक अर्ज केला की सगळं धुऊन निघतं म्हणे.”

असं त्याला कुणी सांगितलं तर चहाच्या टपरीवर बसणाऱ्या एका जाणत्यानं. अशी जाणती माणसं प्रत्येक गावात असतात. त्यांचा सल्ला फुकट असतो, पण तो अमलात आणणं महाग पडतं.

मंडळी, नादारीचा कायदा आपल्याकडे जुना आहे. मुंबई, कोलकाता आणि चेन्नई या शहरांसाठी १९०९ चा आणि बाकी मुलखासाठी १९२० चा. १९२० च्या कायद्यात पाचशे रुपयांच्या वर देणं असलेला, ते फेडायला असमर्थ असलेला माणूस जिल्हा न्यायालयात अर्ज करू शकतो. पाचशे रुपये! यावरूनच कळतं की तो कायदा कुठल्या काळातला. पुढे २०१६ साली दिवाळखोरीचा नवा कायदा आला. त्यात व्यक्तींसाठीही भाग आहे. वर्षाला साठ हजारांच्या आत उत्पन्न, पस्तीस हजारांच्या आत देणं आणि स्वतःचं घर नाही, अशा गरिबाला नव्यानं सुरुवात करता यावी अशी तरतूदही त्यात लिहिली आहे. पण व्यक्तींसाठीचा तो भाग डिसेंबर २०१९ मध्ये लागू झाला तो फक्त कंपनीच्या कर्जाला जामीन राहिलेल्यांपुरता. तुमच्या-माझ्यासारख्या साध्या माणसाला शंभर वर्षांपूर्वीचाच दरवाजा ठोठवावा लागतो.

तो दरवाजा उघडला तर आत काय आहे? न्यायालयानं एखाद्याला नादार ठरवलं की त्याची मालमत्ता त्याची राहत नाही. ती न्यायालयाच्या किंवा न्यायालयानं नेमलेल्या रिसीव्हरच्या ताब्यात जाते. रिसीव्हर ती विकतो आणि येणं असलेल्यांमध्ये पैसे वाटतो. नादार म्हणजे ‘माझं देणं माफ करा’ असं म्हणणारा माणूस नव्हे. ‘माझं जे काही आहे ते घ्या, वाटून टाका आणि मला मोकळं करा’ असं म्हणणारा माणूस. हा फरक टपरीवर कुणी सांगत नाही.

आणि घरपट्टीच्या बाबतीत तर गोष्ट आणखी वेगळी आहे. तीन मुद्दे नीट ऐका.

पहिला. घरपट्टी हा त्या घरावरचाच बोजा असतो. महानगरपालिकांच्या कायद्यात स्पष्ट म्हटलंय की शासनाचा जमीन महसूल देणं असेल तर तो सोडून, मालमत्ता कर हा त्या घरावरचा किंवा जमिनीवरचा पहिला बोजा. उसनवारीचं कर्ज माणसाच्या मागे लागतं. घरपट्टी घराच्या भिंतीला चिकटते. माणूस नादार झाला म्हणून भिंतीवरचा बोजा पुसला जात नाही. घर विकलं तरी तो बोजा घराबरोबर जातो. म्हणून तर शहाणा गिऱ्हाईक घर घेताना आधी कराची पावती मागतो.

दुसरा. १९२० च्या कायद्यात, नादाराच्या मालमत्तेतून कुणाचे पैसे आधी द्यायचे याचा क्रम दिला आहे. त्यात पहिल्या ओळीत कोण आहे? सरकार आणि स्थानिक संस्था. म्हणजे महानगरपालिका रांगेत सगळ्यात पुढे. ज्या शेजाऱ्यानं अडीअडचणीला दहा हजार दिले तो मागे. ज्या देण्यातून सुटायला नादारी घ्यायची, तेच देणं आधी वसूल होणार.

तिसरा. घर एकट्याचं असतं कुठे? माझ्या भावाच्या बिलावर अजून आजोबांचं नाव होतं. आजोबा जाऊन तीस वर्षं झाली. त्या घरात पुण्याला असलेल्या धाकट्या भावाचा वाटा आहे, दिलेल्या बहिणीचा वाटा आहे. हा नादार झाला की त्याचा वाटा रिसीव्हरकडे. मग वाटणीचा दावा, मोजणी, लिलाव. भावाबहिणींच्या घरात कोर्टाचा तिऱ्हाईत माणूस. दीड-दोन लाखांच्या बाकीपायी वाडवडिलांचं छप्पर पणाला लागलं असतं.

याशिवाय नादाराला काही गोष्टींची मनाई असते. नादारीतून मुक्त होईपर्यंत त्याला संसदेत किंवा विधानसभेत जाता येत नाही, महानगरपालिकेची निवडणूकही लढवता येत नाही. माझा भाऊ यावर हसला. म्हणाला, “त्याची काळजी नको, भाई.” पण गंमत अशी की नोटीस येऊनही महानगरपालिकेची बाकी न भरणारा माणूसही नगरसेवक व्हायला अपात्र ठरू शकतो. म्हणून निवडणूक आली की मोठमोठे पुढारी थकबाकी नसल्याचा दाखला मिळवायला रांगेत उभे असतात. वर्षानुवर्षांची बाकी एका दुपारी भरली जाते ती अशी.

मग नादारी कुणाच्या कामाची? ज्याच्यावर अनेकांची, फेडता येणार नाहीत अशी, तारण नसलेली कर्जं आहेत, ज्याच्या नावावर गमावण्यासारखं काही उरलेलं नाही आणि ज्यानं व्यवहारात लबाडी केलेली नाही, अशा माणसाला तिचा आधार आहे, आणि तो घेण्यात काही लाज नाही. फसवणूक करून केलेलं देणं मात्र नादारीतूनही सुटत नाही, आणि पोटगीही सुटत नाही. हा निर्णय वकिलाला सगळी कागदपत्रं दाखवूनच घ्यावा. नुसत्या घरपट्टीसाठी मात्र तो घेऊ नये. माशी मारायला घर पाडण्यासारखं ते आहे.

आता भीतीबद्दल दोन शब्द. नोटीस आली की बायका-पोरं घाबरतात. ‘पकडून नेतील का?’ हा पहिला प्रश्न. पैसे नाहीत म्हणून माणसाला तुरुंगात टाकायचं का, यावर सर्वोच्च न्यायालयानं १९८० साली एका बँकेच्या प्रकरणात निकाल दिला. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी तो लिहिला. पैसे असून लबाडीनं न देणारा वेगळा आणि खरोखर नसल्यामुळे न देणारा वेगळा, निव्वळ गरिबी हा गुन्हा नव्हे, असा त्याचा आशय. हा निकाल न्यायालयाच्या हुकूमनाम्याच्या वसुलीचा होता, पण त्यातलं तत्त्व प्रत्येक देणेकऱ्यानं मनात ठेवावं.

महानगरपालिकेची वसुली पायरीपायरीनं चालते. आधी बिल. मग मागणीची नोटीस. मग वॉरंट आणि जंगम मालाची जप्ती, म्हणजे घरातल्या चीजवस्तूंची. त्यानं भागलं नाही तर स्थावराची जप्ती आणि शेवटी लिलाव. प्रत्येक पायरीवर थांबायची संधी असते, पण ती आपण होऊन पुढे जाणाऱ्यालाच मिळते. चीजवस्तू जप्त करतानाही अंगावरचे आवश्यक कपडे, अंथरूण-पांघरूण आणि कारागिराची हत्यारं यांना हात लावायचा नाही, हा आपल्या कायद्यांतला जुना दंडक आहे. काही शहरांत थकबाकीदाराच्या दारात ढोल किंवा बँड वाजवण्याचा प्रकार झाला, काही ठिकाणी चौकात नावांचे फलक लागले. त्याबद्दल माझं मत सांगायचं तर कोट्यवधींची बाकी ठेवणाऱ्या बड्या मिळकतदाराच्या दारात ढोल वाजला तर लोकांना बरं वाटतं. पण तोच ढोल बंद पडलेल्या मागवाल्याच्या दारात वाजला की त्याची मुलगी आठ दिवस शाळेत जात नाही. अब्रू ही काही जप्त करायची चीज नव्हे.

तर करायचं काय? मी भावाला जे जे करायला लावलं ते क्रमानं सांगतो.

सगळ्यात आधी तो पत्र्याचा डबा जमिनीवर पालथा केला. बिलं वर्षवार लावली. मग महानगरपालिकेच्या प्रभाग कार्यालयातून त्या मिळकतीचा थकबाकीचा उतारा मागितला. त्यात मुद्दल किती, शास्ती किती आणि कुठल्या वर्षाची किती, हे वेगवेगळं असतं. आधी भरलेल्या रकमांच्या पावत्या असतील तर त्या ताडून बघाव्यात. आमच्याकडे सातव्या वर्षाची एक पावती निघाली. ती रक्कम उताऱ्यात जमाच नव्हती. खिडकीवरच्या माणसानं आधी ऐकून घेतलं नाही. लेखी अर्ज दिला, त्यावर आवक क्रमांक घातलेली पोच घेतली, तेव्हा ऐकलं. रक्कम लहानशी होती, त्यामुळे पुढच्या हिशेबात मी ती धरत नाही. पण ती जमा झाली. सरकारी कचेरीत तोंडी बोललेलं हवेत जातं मंडळी. पोच घेतलेला कागद टिकतो.

दुसरं काम, बिल वाचणं. घरपट्टी म्हणजे एक कर नसतो. त्यात सर्वसाधारण कर असतो, पाण्याचा आणि सांडपाण्याचा भाग असतो, अग्निशमनाचा, वृक्षांचा असतो. शिवाय राज्य सरकारचा शिक्षण कर असतो, जो महानगरपालिका फक्त गोळा करून देते. मिळकत बिगरनिवासी असेल तर रोजगार हमीचा करही लागतो. बऱ्याच शहरांत कर बसतो तो करयोग्य मूल्यावर. म्हणजे ते घर भाड्यानं दिलं तर वर्षाला किती भाडं येईल ते धरायचं, त्यातून दुरुस्तीसाठी दहा टक्के वजा करायचे आणि उरेल त्यावर कराचा दर लावायचा. मुंबईत २०१० पासून भांडवली मूल्यावर कर बसतो. तिथे पाचशे चौरस फुटांपर्यंतच्या घरांना १ जानेवारी २०२२ पासून मालमत्ता कर माफ झाला. पुण्यात स्वतः राहत असलेल्या घराला पूर्वापार मिळणारी चाळीस टक्के सवलत मध्यंतरी काढली गेली होती, ती २०२३ साली परत मिळाली. अशा सवलती गावोगाव वेगळ्या असतात आणि बऱ्याचदा त्यासाठी अर्ज करावा लागतो. न मागणाऱ्याला त्या मिळत नाहीत.

माझ्या भावाच्या बिलात पुढचा भाग अजून ‘यंत्रमाग, बिगरनिवासी’ असाच होता. माग बंद होऊन पाच वर्षं झाली होती. तिथे आता त्याचे दोन मुलगे झोपतात. वापर बदलल्याचा अर्ज दिला, निरीक्षक येऊन बघून गेले, आणि पुढचं बिल सहा हजारांवरून चार हजारांच्या खाली आलं. मागची वर्षं मात्र बदलली नाहीत. म्हणून म्हणतो, घरात दुकान होतं ते बंद केलं, भाडेकरू गेला, खोली पाडली, तर त्याच महिन्यात कळवा. नवी आकारणी झाल्याची नोटीस आली आणि ती पटली नाही तर नोटिशीत दिलेल्या मुदतीत हरकत घ्या. मुदत टळली की बरोबर असलेली हरकतही लुळी पडते. न्यायालयात अपील करायचं तर कराची रक्कम आधी भरावी लागते, हेही ध्यानात ठेवा.

तिसरं, नाव. आजोबांच्या नावाचं बिल वारसांच्या नावावर करून घेतलं. बिलावर नाव लागलं म्हणजे मालकी सिद्ध होते, असं मात्र नाही. तो करापुरता कागद आहे. पण नाव असलं की नोटीस योग्य माणसाला मिळते आणि अर्ज कुणी करायचा हा घोळ राहत नाही. आणि याच निमित्तानं पुण्याचा भाऊ आणि बहीण पहिल्यांदा एकत्र बसले. बारा वर्षांची बाकी आहे हे त्यांना ठाऊकच नव्हतं. मोठ्यानं लाजेपायी सांगितलं नव्हतं. बहीण म्हणाली, “दादाभाई, घर माझंही आहे ना? मग बाकीही माझी आहे.” मला वाटतं त्या दिवशी निम्मं ओझं उतरलं.

चौथं, शास्ती कमी करून घेणं. मुद्दल सहसा कमी होत नाही, पण शास्तीत सूट मिळते. महानगरपालिका अधूनमधून अभय योजना काढतात. पुण्यात २०२० च्या ऑक्टोबरमध्ये निघालेल्या योजनेत शास्तीत ऐंशी टक्के सूट होती. अशा योजनेत बाकी एकरकमी आणि ठरलेल्या तारखेच्या आत भरावी लागते. या योजनांवर एक आक्षेप आहे आणि तो खोटा नाही. वेळेवर भरणारा म्हणतो, मी काय मूर्ख म्हणून भरत होतो? योजना येईल म्हणून मुद्दाम थकवणारेही असतात. पण खरोखर अडलेल्या माणसाला तेवढीच एक फट असते. आपल्या गावात योजना कधी आहे यावर लक्ष ठेवा. पण तिच्या भरवशावर बाकी वाढवू नका, कारण ती येईलच याची हमी नसते.

दुसरी फट म्हणजे लोकअदालत. १९८७ च्या विधी सेवा कायद्यानं तिला कायद्याचा आधार मिळाला. दोन्ही बाजूंची तडजोड झाली तरच तिथे निवाडा होतो, कोर्ट फी लागत नाही, आणि निवाड्यावर अपील नसतं. घरपट्टीची प्रकरणं तिथे नेहमी ठेवली जातात. त्याच कायद्यानुसार महिला, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती, अपंग, औद्योगिक कामगार आणि ठरावीक उत्पन्नाच्या आतल्या माणसांना वकील फुकट मिळतो. जिल्हा न्यायालयाच्या आवारात विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं. तिथे जाऊन विचारायला पैसे पडत नाहीत.

भावाचं प्रकरण लोकअदालतीत मिटलं. शास्तीत पंच्याहत्तर टक्के सूट मिळाली. मुद्दल ७२ हजार आणि शास्ती २८,०८० मिळून १,००,०८० रुपये. ते कुठून आणले? थांबलेले चार माग भंगारात विकले. ज्या मागांचा खडखडाट ऐकत तो मोठा झाला ते वजनावर गेले. उरलेले भावाबहिणीनं घातले. पतसंस्थेचं कर्ज अजून आहे. तिथे जाऊन हप्ता कमी करून मुदत वाढवून घेतली, ते तो फेडतो आहे. सगळं सुरळीत झालं असं मी म्हणणार नाही. पण घर राहिलं.

आणखी दोन गोष्टी करू नका. घरपट्टी भरायला दरमहा पाच किंवा दहा टक्क्यांनी खासगी सावकाराकडून पैसे उचलू नका. महिन्याला दोन टक्के शास्ती जड आहे, पण दहा टक्के व्याज तिच्या पाचपट आहे. एवढं गणित करायला कवीही पुरतो. आणि खात्यात पैसे नसताना वसुलीवाल्याला वाटेला लावायला चेक देऊ नका. तो परत गेला तर घरपट्टीची दिवाणी बाब फौजदारी होऊन बसते.

महानगरपालिकेच्या बाजूनंही एक शब्द बोलायला हवा. आमच्या गल्लीत तीन दिवसांआड पाणी येतं, रस्त्यावरचा दिवा महिना महिना बंद असतो, आणि मग माणूस विचारतो, भरू कशाला? राग खरा आहे. पण जकात आणि नंतर स्थानिक संस्था कर गेल्यापासून महानगरपालिकांचा स्वतःचा असा जो पैसा उरला, त्यात घरपट्टी हा मोठा आधार आहे. झाडूवाल्या बाईचा पगार, दवाखान्यातली लस, आग लागल्यावर येणारा बंब हे त्यातूनच चालतं. सेवा मिळत नाही म्हणून भांडायचं, तर भरलेली पावती हातात घेऊन भांडावं. थकबाकीदाराचा आवाज कचेरीत आपोआप खाली येतो.

देण्याबद्दल आपल्या सगळ्यांच्याच घरांत हळवेपणा आहे. कुणी देवऋण, पितृऋण म्हणतो. आमच्याकडे जनाजा उठायच्या आधी घरातला कर्ता पुढे होऊन सांगतो की मयताकडे कुणाचं काही येणं असेल तर ते माझ्याकडे मागा. आणि जकात कुणाला द्यावी याच्या आठ प्रकारांत कर्जात बुडालेल्या माणसाचाही एक प्रकार आहे. म्हणजे देणं फेडायलाच हवं, पण देणेकऱ्याला बुडूही देऊ नये, या दोन्ही गोष्टी जुन्या लोकांना एकदम कळत होत्या. आपल्या मोहल्ल्यात, चाळीत, वाड्यात असा एखादा डबा कुणाच्या कपाटात असेल. त्याच्याशेजारी बसून तो उघडायला मदत करा. वाचता येणाऱ्या माणसानं एवढं करायला हरकत नाही.

शेवटी पुन्हा शब्दांकडे येतो. बाकी पूर्ण फिटली की जुन्या कागदांत त्याला ‘बेबाकी’ म्हणत. उर्दूत याच उच्चाराचा दुसरा एक शब्द आहे, त्यातला ‘क’ वेगळा लिहितात, आणि त्याचा अर्थ होतो निर्भयपणा. देवनागरीत मात्र दोन्ही अगदी सारखेच लिहिले जातात. माझ्या भावानं बेबाकीची पावती आणून दाखवली तेव्हा मी त्याला हे सांगितलं. तो म्हणाला, “भाई, आता कुणी दार वाजवलं की मी स्वतः उठून उघडतो.”